खालचा पाणवठा : भीमेच्या पाण्याचा अभ्यास आणि आपला इतिहास

दरवर्षी उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी उतरले की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर आले, कुगावचा इनामदारांचा वाडा दिसू लागला. फोटो छापले जातात, लोक होड्या करून बघायला जातात, जुन्या वैभवाच्या आठवणी निघतात. या बातम्या आम्ही अनेक वर्षे वाचत आलो आहोत. पण पाण्याखाली गेलेल्या या गावांचा महारवाडा कुठे होता, हा प्रश्न त्यात आम्हाला कधी दिसला नाही.

कारण उघड आहे. देऊळ आणि वाडा दगडाचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षे पाण्यात राहूनही ते उभे आहेत. आपल्या माणसांची घरे मातीची होती. पाणी चढले आणि ती विरघळून गाळ झाली. उजनीच्या तळाशी जो गाळ साचला आहे, त्यात आपल्या वाडवडिलांच्या भिंतीही आहेत.

त्याच गाळाचे आणि पाण्याचे नमुने आज बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत जातात. विद्यापीठांतले विद्यार्थी येतात, नायट्रेट-फॉस्फेट मोजतात, प्लवक आणि मासे ओळखतात, पक्षी मोजतात. त्यावर एम.एस्सी.चे प्रकल्प आणि पीएच.डी.चे प्रबंध होतात. ओढे, नद्या आणि पाणथळ जागा यांची परिसंस्था हा आज जगभर महत्त्वाचा विषय झाला आहे. आपल्या चळवळीत मात्र त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. ‘पक्षी-मासे हा पोट भरलेल्यांचा छंद’ असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात. आम्ही समाजशास्त्र शिकलेले. आम्हीही बराच काळ असेच समजत होतो. ही समजूत चुकीची होती. पाण्याचे विज्ञान हा आपला विषय आहे, हे भीमेच्याच इतिहासातून दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

वरचा आणि खालचा

नदीकाठच्या जुन्या गावाची रचना आठवा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा. त्याखाली धुणी, जनावरे. आणि सगळ्यांत खाली महार-मांगांचा पाणवठा. वस्तीचेही तेच. महारवाडा गावाबाहेर आणि खालच्या अंगाला.

या रचनेमागे धर्माचा आधार सांगितला जातो, पण तिच्या आत निसर्गाचा एक साधा नियम वापरलेला आहे. पाणी खाली वाहते आणि वरचे सगळे घेऊन खाली येते. गावाला हा नियम पक्का माहीत होता. म्हणूनच आपली सावली वरच्या पाण्यावर पडू नये याची काळजी घेतली गेली, आणि गावाची घाण मात्र आपल्या पाण्यात यायला कोणाची हरकत नव्हती. ज्याच्यामुळे पाणी ‘बाटते’ असे म्हटले गेले, त्याच्याच वाट्याला खरोखर घाण झालेले पाणी आले.

वर जे घडते ते खाली भोगावे लागते, हा आजच्या नदीविज्ञानाचा पहिला धडा आहे. कॅनडात काम करणारे नदीशास्त्रज्ञ हाइन्स यांनी १९७५ साली मांडले की ओढा समजून घ्यायचा तर त्याचे अख्खे खोरे समजून घ्यावे लागते. खोऱ्यात माती कशी आहे, झाडे किती आहेत, माणसे काय करतात, यावर पाण्यातले जीवन ठरते. विद्यापीठाला हे १९७५ साली नव्याने सांगावे लागले. खालच्या पाणवठ्यावर घागर भरणाऱ्या आपल्या आज्यांना ते रोजच्या अनुभवाने माहीत होते. पण त्यांच्या अनुभवाला कोणी ज्ञान म्हटले नाही.

माशांची नावे कोणी सांगितली?

भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. कोरेगावच्या विजयस्तंभाजवळून ती पुढे जाते, पुण्याहून आलेली मुळा-मुठा तिला मिळते, आणि मग ती उजनीच्या पाण्यात शिरते. या खोऱ्यातल्या माशांचा पहिला मोठा वैज्ञानिक अभ्यास कर्नल विल्यम हेन्री सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केला. पेशवाई बुडून सहाच वर्षे झाली होती. १८२४ साली कंपनी सरकारने त्याला मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या, महसूल यांची माहिती गोळा करत तो दख्खनभर फिरला आणि सोबत पक्षी व मासेही गोळा केले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १८३९ साली संक्षेपाने आणि १८४१ साली सविस्तर प्रसिद्ध केला.

त्या निबंधातली शास्त्रीय नावे पाहण्यासारखी आहेत. खुद्री, मल्या, शिंगटी, कोळस, अळकुटी, टाकरी. सायक्सने अनेक माशांना इथली मराठी नावेच लॅटिन साच्यात घालून दिली. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात दख्खनच्या महसीर माशाला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. डोंगरी ओढ्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या छोट्या माशाला ‘गारा मल्या’ म्हणतात. शिंगटी ‘मिस्टस शिंगटी’ म्हणून ओळखली जाते.

ही नावे सायक्सला कोणी सांगितली असतील? जे रात्री-पहाटे पाण्यात उतरून जाळे टाकत होते त्यांनीच. भोई, कोळी आणि नदीवर पोट असलेल्या इतर जातींनी. कोणता मासा डोहात राहतो, कोणता खळाळात, कोणता पुराच्या वेळी वर चढतो, हे पोथी वाचणाऱ्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे ज्ञान म्हणजे श्रुती-स्मृती मानले गेले आणि हात ओले करणाऱ्याचे ज्ञान ज्ञानच मानले गेले नाही. नदीचे शास्त्र इथे उभे राहिले ते ओल्या हातांच्या माहितीवर. माशाचे नाव शास्त्रात राहिले, सांगणाऱ्याचे मात्र राहिले नाही.

सायक्सला डोक्यावर घेण्याची आपल्याला गरज नाही. तो कंपनीचा नोकर होता आणि त्याची आकडेवारी आधी महसुलासाठी होती. पण एक गोष्ट आपल्या तरुणांना माहीत असावी. ज्या १८४१ साली त्याचा माशांवरचा सविस्तर निबंध आला, त्याच वर्षी त्याने चिनी भिक्खू फाहियानच्या प्रवासवर्णनाच्या आधारे प्राचीन भारतावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ब्राह्मणी वर्चस्व अनादि काळापासून चालत आलेले नाही, त्याआधी या देशात बौद्ध धम्म सर्वदूर पसरलेला होता, आणि पालीतले शिलालेख संस्कृत शिलालेखांच्या आधीचे आहेत, असा त्याचा युक्तिवाद होता. जो माणूस पुराव्याने मासे ओळखत होता, तो पुराव्यानेच इतिहासही वाचत होता. डोळ्यांनी पाहा, मोजा, तपासा आणि मग माना. तथागतांनी कालामांना सांगितले ते याहून वेगळे नाही.

विटाळ आणि प्रदूषण

आता महाडला येऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी काय केले? १०८ घागरी भरून शेण, गोमूत्र, दूध आणि दही मंत्र म्हणत तळ्याच्या पाण्यात मिसळले.

हा प्रसंग आपण भाषणांत नेहमी सांगतो. तो एकदा पाण्याच्या विज्ञानाच्या नजरेने पाहा. पाण्यातली सेंद्रिय घाण जीवाणू खातात आणि ती खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. ठरावीक दिवसांत किती प्राणवायू वापरला गेला हे मोजले की पाणी किती घाण आहे ते कळते. याला बीओडी म्हणतात. इंग्लंडच्या सांडपाणी आयोगाने पाच दिवसांच्या या चाचणीचे प्रमाण १९१२ साली ठरवून दिले होते. म्हणजे महाडच्या १५ वर्षे आधी. या चाचणीत दुधाचा बीओडी शहरी सांडपाण्याच्या शेकडो पट भरतो. शेणाचे वेगळे सांगायला नको.

एवढ्या घागरींनी अख्खे तळे मरत नाही, हे खरे. पण कृतीची दिशा पाहा. माणसाने ओंजळभर पाणी प्याल्याने तळ्यात काहीच बदलले नव्हते. ते ‘शुद्ध’ करण्याच्या नावाखाली मात्र त्यात घाण टाकली गेली. विटाळ आणि प्रदूषण यांतला फरक याहून स्पष्ट करून कोणी दाखवलेला नाही. विटाळ माणसाच्या जन्मावर ठरतो, त्याला एकक नाही, तो कोणत्याही उपकरणात दिसत नाही. प्रदूषण पाण्यात असते आणि ते मोजता येते, मग घाण टाकणारा पाटील असो, कारखानदार असो की महानगरपालिका.

महाडचा लढा दहा वर्षे न्यायालयात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्याच १९३७ साली बाबासाहेब आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगला आले. तिथल्या समाजाने स्वतः खोदलेल्या विहिरीचे पाणी त्यांच्या हस्ते काढले गेले. एका बाजूला सार्वजनिक पाण्यावरचा हक्क, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या हातांनी शोधलेले पाणी. आम्हाला वाटते, पाण्याच्या आंबेडकरी परंपरेत या दोन्ही गोष्टी आहेत. ‘पाणी मिळाले का’ एवढे विचारून ती थांबत नाही. ‘पाणी कसे आहे आणि ते असे कोणी केले’ हा तिचा पुढचा प्रश्न आहे, आणि तो विचारायचे काम आपल्या पिढीवर आले आहे.

१९८० साली नदी तुटली

काही जण म्हणतील, बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते. होय, होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्याच काळात घातला गेला. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसूरी संस्था १९४५ साली उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथे ओरिसाच्या नद्यांवर बोलताना त्यांनी पाण्याकडे संकट म्हणून पाहू नका, संपत्ती म्हणून पाहा, अशी भूमिका मांडली.

पण त्यांच्या धोरणाचा गाभा नुसते धरण बांधणे हा नव्हता. नदीचे सबंध खोरे हे एक एकक मानावे, प्रांतांच्या सीमा आड येऊ देऊ नयेत, पूर, वीज, सिंचन, वाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, असा तो होता. खोरे एक माना, हे बाबासाहेबांनी राज्यकारभारात सांगितले. तीस वर्षांनी शास्त्रज्ञ ओढ्यांच्या अभ्यासात तेच सांगू लागले.

उजनीत काय झाले? भीमेवर माढा तालुक्यातल्या उजनीजवळ हे धरण सत्तरच्या दशकात उभे राहिले आणि १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या पातळीखालचा. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा-माढा, पुणे जिल्ह्यातले इंदापूर-दौंड आणि नगर जिल्ह्यातले कर्जत या तालुक्यांत त्याचे पाणी पसरले. सरकारने जलाशयाला यशवंतसागर हे नाव दिले.

योगायोग असा की त्याच १९८० साली अमेरिकेतल्या पाच शास्त्रज्ञांनी नदीच्या सलगतेचा सिद्धांत मांडला. उगमाजवळ झाडांची पाने पाण्यात पडतात. तिथले किडे ती कुरतडतात. त्यांच्याकडून उरलेले बारीक कण वाहत खाली जातात आणि खालचे जीव ते गाळून खातात. नदी अशी उगमापासून मुखापर्यंत एका साखळीने बांधलेली असते. इथे एक इशारा द्यायला हवा. यात कोणी जातीची उतरंड शोधू नये. निसर्गात खालचा जीव वरच्याचे उरलेले खातो, पण त्याच्या वंशाला ते कायमचे नेमून दिलेले नसते, आणि वरचा त्याला अपवित्र म्हणत नाही. उष्ट्यावर जगण्याची सक्ती हा माणसाचा शोध आहे, नदीचा नाही.

सलगतेचा सिद्धांत ज्या वर्षी लिहिला गेला, त्याच वर्षी आपली नदी तुटली. वाहत्या पाण्याचे साचलेले पाणी झाले. खळाळ बुडाले, डोह बुडाले. वाहत्या पाण्यात राहणाऱ्या माशांची जागा साचलेल्या पाण्यातल्या माशांनी घेतली. आज उजनीच्या काठावर जाळ्यात मुख्यतः येते ती चिलापी. तिचे मूळ आफ्रिकेत. १९५२ साली ती भारतात आणली गेली. ज्यांच्या पूर्वजांनी सायक्सला माशांची नावे सांगितली, त्यांची नातवंडे आज चिलापी विकतात.

माणसांचे काय झाले? धरणाचे काम चालू असताना १९७६ साली राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचे तत्त्व होते गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन. मग ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याला काय? आणि ज्याच्याकडे होती ती कोणती? महार वतनाच्या जमिनी. वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, पण एकेका तुकड्यावर अख्ख्या भावकीची नावे. असा तुकडा बुडाला तर मोबदल्याचे किती वाटे होतात, याचे गणित करून पाहा. ज्याच्या एकट्याच्या नावावर मोठे क्षेत्र होते तो धरणग्रस्त म्हणून नव्याने शेतकरी झाला. वीस वाटेकऱ्यांतला एक असलेला आपला माणूस मजूर झाला.

पाण्याने गावे एकमेकांपासूनही तोडली. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा जण गेले. धरण होऊन ४४ वर्षे झाली होती, तरी काठचा माणूस पलीकडे जायला होडीवरच अवलंबून होता. उजनीचे ‘पर्यावरण’ लिहिताना हे दुसऱ्या कोणत्या विषयात टाकणार?

कायद्याच्या लेखी पाणथळ नाही

हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येतात. पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात. आपल्या काही मुलांना होडी वल्हवून रोजगार मिळतो. जगभरचे अभ्यासक अशा जागेला पाणथळ म्हणतात. १९७१ साली इराणमधल्या रामसर येथे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. त्या करारात मानवनिर्मित जलाशयही येतात.

पण आपल्या सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीचे पात्र वगळले आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले आहेत. २०१० च्या नियमांत मानवनिर्मित जलाशयांना जागा होती. म्हणजे या नियमांच्या लेखी भीमा पाणथळ नाही आणि उजनीही नाही. दुसरीकडे नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर पाहा. तेही गोदावरीवर सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाले. ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण कोणत्या पाण्याला संरक्षण मिळते हे निसर्ग ठरवत नाही, फाईल ठरवते, एवढे त्यातून दिसते.

आता हे पाणी येते कुठून ते पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे वरच्या धरणांचे स्वच्छ पाणी घेतात आणि वापरून नदीत सोडतात. पवना, मुळा, मुठा, इंद्रायणी, सगळ्यांचा शेवट उजनीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदले आहेत. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद उजनीत साचते. त्यात काठच्या उसाला घातलेल्या खतांची भर पडते. ऊन वाढले की शेवाळ फोफावते आणि पाणी हिरवे होते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते, मेलेले शेवाळ कुजताना आणखी वापरते, आणि पहाटे मासे तडफडून वर येतात. हे पाणी पुढे सोलापूर शहर पिते. हेच पाणी आषाढीला चंद्रभागेत सोडले जाते. ज्या पंढरपुरात चोखोबांना देवळाची पायरी ओलांडता आली नाही, तिथे आज लाखो वारकरी वरच्या शहरांच्या सांडपाण्यात स्नान करतात.

म्हणजे जुन्या गावाची रचना मोडली नाही, मोठी झाली. पुणे हा वरचा पाणवठा झाला आणि सोलापूर खालचा. वरच्या शहराच्या गटारात उतरणारे हात बहुतेक आपल्याच समाजांचे, आणि ते पाणी खाली आल्यावर ज्यांच्याकडे फिल्टर नाही ते ओठही बहुतेक आपलेच. फरक एवढाच की आता खालच्या पाणवठ्यावर सवर्णही आले आहेत. त्यामुळे हा लढा सर्वांचा होऊ शकतो. पण तो कोणत्या भाषेत लढायचा हे आपण ठरवले पाहिजे.

प्रश्न आपले हवेत

उजनीवरचे जे शोधनिबंध आम्ही वाचले, त्यांत जातींच्या याद्या आणि महिनावार तक्ते भरपूर आहेत. माशांच्या जाती, वनस्पतींच्या जाती, पक्ष्यांच्या जाती. ते काम मोलाचे आहे, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण नमुना घेतलेल्या जागेपासून शंभर पावलांवर कोणती वस्ती आहे आणि ती कुठले पाणी पिते, हे त्या तक्त्यात नसते. तिथले प्रश्न आपल्या मुलामुलींनी विचारायचे आहेत.

एक उदाहरण गाळपेरीचे घ्या. पाणी ओसरले की मैलोन् मैल गाळाची जमीन उघडी पडते. ती हंगामापुरती कसायला दिली जाते. धरणग्रस्त आणि भूमिहीन यांचा विचार आधी व्हावा हे तत्त्व सरकारी धोरणात मान्य आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी जो सत्याग्रह केला, त्याचा उजनीकाठचा आजचा प्रश्न हाच आहे. ही गाळाची जमीन प्रत्यक्षात कोण कसते? पण याच गाळात किडे, अळ्या, गोगलगायी असतात आणि त्यावर पक्षी जगतात. इथे घातलेले खत पहिल्या पावसात थेट धरणात जाते. उद्या कोणी ‘पर्यावरणासाठी’ गाळपेर बंद करा म्हणाले तर पहिला बळी भूमिहीनाचा जाईल. मग उजनीतल्या नत्रात गाळपेरीचा वाटा किती, उसाचा किती, पुण्याच्या सांडपाण्याचा किती, हे मोजून कोण सांगणार? आकडा नसेल तर दोष सगळ्यांत दुबळ्यावर टाकला जातो. आकडा आपल्या हातात असेल तर तो मागे ढकलता येतो.

दुसरे उदाहरण साधे आहे. ओढ्याच्या तळाचे दगड उचलून त्याखालचे किडे ओळखले तरी पाण्याची अवस्था कळते. काही किडे फक्त स्वच्छ, खळाळत्या पाण्यात राहतात. लाल अळ्या घाणीतही तग धरतात. प्रदूषण मंडळानेही ही जैविक पद्धत स्वीकारली आहे. त्याला एक जाळी, एक पांढरा ट्रे आणि शिकवणारा लागतो. दहावीतली मुलगीही हे करू शकते. आपल्या विहारातल्या शिबिरांत वक्तृत्व स्पर्धेसोबत हे का नको?

संशोधन करणे सोपे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. फेलोशिपसाठी आपल्या विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले आहे. रोहित वेमुलाला विज्ञानलेखक व्हायचे होते. हैदराबाद विद्यापीठाचा हा संशोधक विद्यार्थी १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. विद्यापीठाचे दारही एक पाणवठाच आहे आणि तिथेही वरचे-खालचे आहे. पण म्हणून ते सोडून देणे म्हणजे चवदार तळ्यावरून माघारी फिरणे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचला तेव्हा ते विद्यार्थीच होते. आपल्या दुःखाला त्यांनी आधी संशोधनाचा विषय केले, मग चळवळीचा.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे, हे आपण जाणतो. म्हातारा, आजारी, प्रेत ही कथा त्यांनी नाकारली. त्यांनी सांगितला रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा. युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला. दोष कोणाचा याची आधी चौकशी करा, दोन्हीकडचे लोक नेमा, असे त्याने संघाला सुचवले. संघाने ते मानले नाही. आमच्या वाचनात या प्रसंगाचा अर्थ असा, की पाण्याच्या प्रश्नावर धम्माचे पहिले पाऊल चौकशीचे आहे. काय घडते आहे ते आधी नीट तपासा.

येत्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी पुन्हा उतरेल. मंदिराचे आणि वाड्याचे फोटो पुन्हा छापून येतील. तेव्हा काठच्या गावांतल्या आपल्या तरुणांनी एक काम करावे. ज्यांनी ती गावे पाहिली आहेत असे आजी-आजोबा अजून हयात आहेत. त्यांना सोबत घेऊन त्या गाळावर चालत जावे. आपला वाडा कुठे होता, खालचा पाणवठा कुठे होता, कोणता मासा कोणत्या डोहात मिळायचा, हे त्यांच्याकडून विचारून मोबाईलमध्ये त्या जागेची नोंद करावी. सांगणाऱ्याचे नाव विसरू नये. आणि त्याच जागेवरून एक बाटली पाणी आणि मूठभर गाळ तपासणीसाठी घ्यावा. पहिली नोंद इतिहासाची, दुसरी विज्ञानाची, आणि दोन्ही एकाच वहीत असाव्यात. सायक्सने नावे नेली आणि सांगणारे मागे राहिले. ती चूक आपल्या वहीत होऊ नये.

जय भीम! नमो बुद्धाय!